खडूनं लिहिलेलं ‘गरम’

बाबांच्या उजव्या हाताचा तळवा आमच्या घरात दोघांना नीट ठाऊक होता, मायला गालावर आणि मला पाठीवर. रोलिंग मिलमध्ये सांडश्या आणि पाने धरून धरून त्याला असे घट्टे पडले होते की उकळत्या चहाचा स्टीलचा गिलास ते सरळ मुठीत धरत. माय तोच गिलास पदरानं धरायची. पाहुणे आले की बाबा मुद्दाम तसा गिलास धरून दाखवत आणि पाहुणे वाहवा करत. मला त्या हाताचं कौतुक कधी वाटलं नाही, मी त्याच्याखालीच वाढलो होतो.

भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून नांगर सोडून ते भिलाईला आले आणि हेल्परचे फोरमन झाले. मी चोविसाव्या वर्षी त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागलो. रुआबांध्याजवळच्या क्वार्टरात आम्ही तिघं राहायचो. मी एकुलता एक, त्यामुळे मार वाटून घ्यायला भाऊ-बहीण नव्हतं.

बाबांचा राग आधी ऐकू यायचा. फाटक आपटायचं, सायकल भिंतीवर आदळायची, मग चपला दोन दिशांना उडायच्या. तेवढ्यात माय गॅस बंद करून, हात पुसून, भिंतीला पाठ लावून उभी राहायची. भाजी अळणी झाली, पाणी गेलं, मिलमध्ये साहेब काही बोलला, कारण कोणतंही चालायचं. एकदा तर शेजाऱ्याच्या रेडिओचा आवाज मोठा आहे म्हणून मायला मार बसला. शेजाऱ्याला बोलायची बाबांची छाती नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, पण आमच्याकडे वांगं ठरलेलं होतं.

मी नोकरीला लागलो त्या हिवाळ्यात मायच्या डाव्या कानातून रक्त आलं. दवाखान्यात तिनं सांगितलं की मोरीत पाय घसरला. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की हा कान गेला. उजव्याचाही पडदा कमजोर आहे, डोक्याला आणखी एक दणका बसला तर बाईला काहीच ऐकू येणार नाही. त्या दिवसापासून मी घरात मायचा उजवा कान राखत होतो. ती कुठं उभी आहे, तिची कोणती बाजू भिंतीकडे आहे, बाबा कोणत्या अंगाला आहेत, हे मी जेवतानाही बघायचो.

एकदा मी मध्ये पडलो होतो. बाबांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, हात ढिला केला, आणि मला वाटलं जिंकलो. मी सेकंड शिफ्टला गेल्यावर त्यांनी दार लावून मायला दुप्पट मारलं. परत आलो तेव्हा ती मला एवढंच म्हणाली की तू पुन्हा मध्ये पडू नको. पुढं कितीतरी वेळा मी बाहेरच्या खोलीत दातओठ खात बसून राहिलो. भित्रा होतो म्हणून नाही, असं मी स्वतःला समजवायचो. भित्राही होतोच.

आता त्या गाडीचं सांगतो. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून बाबांनी त्याची जुनी कार घेतली. गाडी कसली, फिरता डबा. तिचा सायलेंसर गंजून इतका सडला होता की चालताना तुकडे पडत. बाबांनी ठरवलं की गंजणार नाही असा सायलेंसर स्वतः करायचा. पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी स्टेनलेसचा पाइप आणि पत्रा शोधून आणला, आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली दोन महिने वेल्डिंग केलं. सगळी कॉलनी हसली. गाडी भंगार आणि सायलेंसर ताटवाटीचा, असं लोक म्हणायचे. पण झाल्यावर जो तो वाकून बघून गेला. इंजिनातून निघून खाली वळणारा पुढचा कोपर, मधली नळी, पिंप आणि मागचं तोंड, कुठं जोड आहे ते बोटाला लागत नव्हतं. मी फिटर आहे, म्हणून सांगतो, तसं काम मी जन्मात केलं नाही.

दर रविवारी तो सायलेंसर साफ व्हायचा आणि त्या दोन-तीन तासांत बाबा वेगळा माणूस असायचे. आधी सोड्याच्या गरम पाण्यानं तेलाचा थर काढायचा. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत मग बारीक, आणि हात नेहमी लांबीच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. इंजिनाजवळच्या कोपरावर तापानं रंग चढायचे, आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. ती निळाई काढायला पाण्यात थोडं तेजाब घालायचं. तेजाबात पाणी घालायचं नाही, हे त्यांनी मला कान धरून शिकवलं. शेवटी पॉलिशचा लाल साबण लावून फ्लॅनेलनं घासायचं, इतकं की तोंड दिसलं पाहिजे. आजकाल महागड्या गाड्यांना टायटॅनियमचे सायलेंसर असतात आणि लोक ती निळाई मुद्दाम राखतात, असं माझा पोरगा सांगतो. बाबांना ते पटलं नसतं. बॉनेटखालचा कोपर कुणाला दिसतो, असं मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले की जिथं कुणी पाहत नाही तिथंच माणसाचं काम दिसते.

घासण्याआधी ते एक गोष्ट हमखास करायचे. उघडा तळवा पाइपाभोवती आवळून वरून खाली फिरवायचे. ओरखडा डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. घट्ट्यांच्या त्या हाताला केसाएवढा चरा कळायचा.

मिलमध्ये एक रीत होती आणि ती बाबांनी घरीही आणली होती. लाल लोखंड कुणाला भाजत नाही, असं जुने लोक म्हणायचे, कारण ते दुरूनच सांगतं. भाजतं ते काळं लोखंड. लाली गेलेली असते, पण ताप आत तसाच असतो, आणि नवखा माणूस हात लावतो. म्हणून ज्यानं वस्तू तापवली त्यानं तिच्याजवळ खडूनं ‘गरम’ लिहायचं, आणि निवल्याची खात्री करून त्यानंच ते पुसायचं. दुसऱ्या कुणी तो खडू पुसायचा नाही. परक्या टोळीचं काम असेल तर खडू नसला तरी आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. पण आपल्या जोडीदाराचं काम असेल तर तसं बघायचं नाही. तो त्याचा अपमान. मी फिटर लागलो त्या दिवशी बाबांनी गाडीच्या डिकीत एक खडू ठेवला आणि म्हणाले, आता तू माहा जोडीदार. मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं, हेही खरं आहे. ज्याच्या हाताचा मी द्वेष करत होतो, त्यानं जोडीदार म्हटल्यावर मी सुखावलो.

खंडेनवमीचा आदला दिवस होता, रविवार. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, म्हणून सायलेंसर आरशासारखा व्हायला हवा होता. मी सकाळीच गाडी घेऊन उतईला गेलो, तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून झेंडूची फुलं आणि आंब्याचे डहाळे आणायला. तासाभरानं परत आलो, गाडी पेरूखाली लावली, बॉनेट उघडलं आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या बंपरवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, गरम. कोपरावरून हवा थरथरताना दिसत होती.

बाबा बादली आणि फ्लॅनेल घेऊन आले आणि आधी मागच्या बाजूला गेले. तिथं ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी जाऊन पाहिलं. सायलेंसरच्या मागच्या तोंडावर बारीक बारीक तांबूस ठिपके उठले होते. स्टेनलेसवर गंज. कधी न गंजणाऱ्या वस्तूला गंज चढला होता, आणि त्याखाली आडवे, गोल गोल ओरखडे होते. ते कशाचे आहेत हे आम्हा दोघांनाही एका नजरेत कळलं. भांडी घासायची तारेची लोखंडी घासणी. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुतले आणि रात्रीच्या दवात गंजले.

मायनं तीन दिवसांपूर्वी ते घासलं होतं. तिचा हिशेब साधा होता. काम आधीच झालेलं असेल तर रविवार शांततेत जाईल. घरातली स्टेनलेसची ताटं ती रोज त्याच घासणीनं घासायची आणि लगेच पुसून ठेवायची, त्यांना कधी काही झालं नव्हतं. इतकी वर्षं पोलादाच्या कारखान्याच्या सावलीत राहिलेली बाई, पण ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. आम्ही दोघं एवढे लोखंडातले जाणकार, पण घरात कधी बोललो नव्हतो.

बाबांनी विचारलं, कोणं हात लावला. माय मागच्या दारात होती. मी बोललो असतो. ‘मी’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. तोंड उघडेपर्यंत ती म्हणाली, “मीच घासलं जी. चांगलं होईल म्हणून.”

ते आत गेले. दार आपटलं. कडी लागली.

मी पेरूखाली उभा होतो. पहिला आवाज थपडेचा होता. दुसरा काहीतरी स्टीलचं पडल्याचा, परात असावी, ती बराच वेळ फिरत राहिली. मग भिंतीचा आवाज आला. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज मला पाठ होता, पातेल्यात नारळ पडावा तसा. ती ओरडत नव्हती. ती कधीच ओरडायची नाही. पुन्हा भिंत. मी मोजत नव्हतो, मी फक्त उजवा कान, उजवा कान, एवढंच मनात म्हणत होतो. दार तोडावं असं वाटलं. मग मी शिफ्टला गेल्यावर काय होईल ते आठवलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझं उलट झालं, डोक्यातली आग खाली उतरत गेली आणि मी आतून थंडगार होत गेलो.

मी गाडीच्या पुढे गेलो. बंपरवरचं ‘गरम’ तळव्यानं पुसलं. नीट पुसलं, एक रेघ राहू दिली नाही. मग जिथं होतो तिथं परत येऊन उभा राहिलो.

कडी निघाली. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांची छाती वरखाली होत होती आणि तोंड लाल झालं होतं. माझ्याकडे न बघता ते पुढं गेले. त्यांनी बंपरकडे पाहिलं. मी हे पक्कं सांगतो, कारण मी त्यांच्या नजरेवरच होतो. त्यांनी खडू आहे का ते पाहिलं, खडू नव्हता. हाताची मागची बाजू त्यांनी लावली नाही. बायकोनं पुढंही काही खराब केलं आहे का, हे त्यांना बघायचं होतं. ते बॉनेटमध्ये वाकले आणि उजव्या तळव्याची मूठ त्यांनी कोपरावर आवळली.

घट्ट्यांमुळे त्यांना ताप उशिरा कळला. दुसऱ्याचा हात टेकताक्षणी मागं आला असता. त्यांची मूठ पूर्ण बसली, वरून खाली फिरायलाही लागली, आणि मग ते ओरडले. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. हात ओढला तेव्हा कातडं पाइपालाच राहिलं. चरचर आवाज होत होता आणि वास आला, तो वास मी सांगणार नाही. ते गुडघ्यावर बसले, मनगट दुसऱ्या हातानं धरलं, आणि तळवा स्वतःच्या तोंडासमोर धरून त्याकडे बघत राहिले.

मला आनंद झाला. लिहिताना हात अडखळतो, पण आनंदच झाला. मी मदतीला धावलो ते त्या आनंदानंतर.

माय बाहेर आली. तिचा उजवा कान लाल झाला होता, कपाळाला फुटलं होतं, केस सुटले होते. तिनं बाबांचा हात पाहिला. मग बंपर पाहिला. मग माझा हात. माझा तळवा खडूनं पांढरा झाला होता. मी तो पँटला पुसला, पण तोपर्यंत तिनं पाहिलं होतं.

शेजारच्या काकांनी त्यांच्या स्कूटरवर बाबांना दवाखान्यात नेलं. गाडी होती, पण त्या गाडीत बसायला बाबा तयार झाले नाहीत. कॉलनीत सगळे म्हणाले की इतका जुना मिलवाला आणि असा कसा चुकला. बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, ध्यान नाही राहिलं. घसरून पडल्याचं माय जसं सांगायची, तसंच.

ते दहा दिवस दवाखान्यात होते. माय दोन्ही वेळा डबा घेऊन जायची आणि त्यांना स्वतःच्या हातानं घास भरवायची. ज्या हातानं तिला मारलं तो हात पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि ती भाताचे घास करून त्यांच्या तोंडात घालते आहे, हे बघून माझा संताप व्हायचा. माझ्याशी ती बोलत नव्हती. आठव्या दिवशी परत येताना तिला रस्त्यातच अडवून मी तिच्या उजव्या कानाशी म्हणालो, “तुह्या कानासाठी केलं मी, माय. कावून बोलून नाही राहिली?”

ती थांबली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

“कान माहा हाये,” ती म्हणाली. “मले इचारलं होतं काय? तुह्या बापानं मले जेव्हा बी मारलं, समोरून मारलं. मी तोंड फिरवू शकत होती, हात आडवा करू शकत होती. तुनं तं लिहेलच पुसून टाकलं.”

मग ती चालायला लागली आणि मी तिच्या मागे, रिकामा डबा घेऊन.

बाबांचा हात पुन्हा पूर्ण उघडला नाही आणि पूर्ण मिटलाही नाही. बोटं अर्धी वळलेली राहिली, जणू त्यांत गिलास धरलेला आहे आणि गिलास कुणीतरी काढून घेतला आहे. मिलमधून त्यांना काढून टूल-रूममध्ये बसवलं, तिथूनच ते रिटायर झाले. त्या रविवारनंतर त्यांनी मायवर कधी हात टाकला नाही. डावा हात शाबूत होता. त्यांनी तोही उगारला नाही. मायचा उजवा कान टिकला, कमी ऐकायची, पण शेवटपर्यंत ऐकायची. म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

घरात शांतता आली आणि ती कसली आहे हे समजायला मला दोन वर्षं लागली. फाटक आपटेनासं झालं. माय भिंतीला पाठ लावून उभी राहीनाशी झाली. पण मी घरात आलो की दोघं बोलता बोलता गप्प व्हायचे. मी कधी ओरडलो नाही, कधी हात उगारला नाही. मी दमून गप्प बसलो असलो तरी माय येऊन विचारायची, काय झालं, आणि विचारताना माझ्या हातांकडे बघायची. बाबांच्या रागाची आधी वर्दी मिळायची. माझ्या गप्प बसण्याची काहीच खूण नव्हती. आता त्या घरात मी भीतीचं कारण होतो.

गाडी नंतर विकली. घेणाऱ्यानं सायलेंसर बघून विचारलं की एवढा सुंदर कोणं केला. बाबांनी अर्ध्या वळलेल्या बोटांनी स्वतःकडे दाखवलं. पुढच्या कोपरावर एक काळपट डाग होता. बाबांनी तो तेजाबानं काढायला सांगितला नाही आणि मीही काढला नाही. त्या माणसाला वाटलं तेल जळलं असेल.

बाबांनी मला त्या खडूबद्दल एकदाही विचारलं नाही. पुढं वीस वर्षं ते माझ्यासोबत राहिले. माझी पोरं त्यांनी खांद्यावर खेळवली, माझ्या घरासाठी डाव्या हातानं पाट आणि शिड्या केल्या. संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की त्यांना चहा मीच द्यायचो, तो माझा नेम होता. मी गिलास पुढं करायचो आणि म्हणायचो, “कोमट हाये, बाबा.” ते मान हलवायचे, कधी हसायचेही. आणि मग डाव्या हाताची मागची बाजू गिलासाजवळ नेऊन बघायचे, परक्या टोळीच्या कामाला बघतात तसं, आणि नंतरच गिलास घ्यायचे.